मांदेली पक्की होण्याआधी

प्रिय रुचिरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरली असशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तू होतीस तेव्हाही कुरकुरत होते. बातमी वेगळीच आहे. मी घरात कुत्री आणली आहे. हो, पंतनगरच्या आपल्या त्याच एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बघ, ‘आपल्या’ लिहून गेले. खोडत नाही. तू आणि सुयोग वेगळे झालात, तू सामान घेऊन गेलीस, त्यानंतर तू इथे आली नाहीस, पण तुझ्या सासूचा हात अजून जुन्या वळणाने चालतो, त्याला काय करणार?

झालं असं, की चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपल्यापासून मला एक खोड लागली आहे. सकाळची कामं उरकली की मेट्रोत बसायचं आणि मनाला येईल तिथे उतरायचं. कुणाकडे जायचं नसतं. नुसतं बघायचं, की इथे माणसं काय खातात, काय विकतात, कशावरून भांडतात. एकदा अशीच वर्सोव्याच्या टोकाला जाऊन खाडीवर सुकत घातलेले बोंबील बघून परत येत होते, तर आझाद नगरला एका हॉलबाहेर पाटी दिसली, ‘कुत्री-मांजरं दत्तक मिळतील’. मला दत्तक या शब्दाचं नवल वाटलं. कुत्रा पाळतात, विकत घेतात, गावाला तर तो आपला आपणच येऊन पडवीत बसतो. दत्तक कसा घेतात ते तरी बघू, म्हणून आत शिरले. शपथ सांगते, आणायचं काही मनात नव्हतं.

आत एक पिल्लू होतं गं, तपकिरी, पोट गरगरीत, स्वतःच्याच पायांवर पडणारं. सगळे त्याच्याभोवती. मीही उकिडवी बसले. त्याने माझी पदराची पिन चावली आणि माझं ठरलंच. तिथलं सगळं चेतना नावाची मुलगी बघत होती, तुझ्याच वयाची असेल, केस बारीक कापलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. तिला म्हटलं, हेच दे. ती म्हणाली, “काकू, घरी कोण कोण असतं?” म्हटलं, मी. “कितवा मजला?” तिसरा. “लिफ्ट?” नाही. मग ती माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, “हे पिल्लू दिवसातून दहादा मुतणार. दर वेळी तुम्ही त्याला घेऊन तीन जिने उतरणार का? चप्पल, वायर, गादी सगळं चावणार. वर्षभरात एवढं ताकदवान होईल की तुम्हाला ओढत नेईल. घर लहान आहे हा प्रॉब्लेमच नाही. लहान घरात मोठा कुत्रासुद्धा आरामात राहतो, शांत असला आणि त्याला रोज बाहेर नेलं तर. पण पिल्लू नको.” मला राग आला. मी देशील का म्हणून विचारलं आणि ही मलाच तपासते आहे! पण दुकानात मीही तेच करायचे ना? गिऱ्हाईक चकचकीत फ्रेमवर बोट ठेवायचं आणि मी म्हणायचे, घ्या, पण नाकावर टिकणार नाही. मग मी तिलाच विचारलं, बरं, माझ्या नाकाला कुठली बसेल?

तेव्हा तिने मला कोपऱ्यातली ही दाखवली. भिंतीकडे तोंड करून बसलेली, सगळ्या हॉलकडे पाठ. अंगाने मध्यम, सोनेरी, तोंडाभोवती पांढरं व्हायला लागलेलं. एका कानाचं टोक कापलेलं. मला वाटलं मारामारीत गेलं. चेतना म्हणाली, नसबंदी झाली की खूण म्हणून तसं करतात. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! आता रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याचे कान बघत चालते. दुकानातली सवय, म्हणून पुढचा प्रश्न विचारला की हिची नजर कशी आहे. ती हसली. म्हणाली नजर बरी आहे, पण यांना लाल रंग नीट कळत नाही आणि तसंही हे जग नाकानेच वाचतात. ही आधी कुणाच्या तरी घरात होती, त्या लोकांनी घर बदललं आणि हिला तिथेच सोडलं. वर्सोव्याच्या बाजूला एका बंद दाराशी बसलेली सापडली. नंतर एका कुटुंबाने नेली आणि परत आणून दिली, का, तर खेळत नाही. मी जवळ जाऊन बसले. तिने वळून बघितलं नाही, पण बराच वेळ झाल्यावर माझ्या पिशवीच्या बंदाचा वास घेतला, मग माझ्या मनगटाचा, अगदी सावकाश, बारीक अक्षर वाचावं तसा. ती माझ्याबद्दल काय वाचते आहे हे मला इतकं जाणून घ्यावंसं वाटलं की काय सांगू. तिथेच फसले.

लगेच नाही दिली हं. चेतना आधी घरी येऊन गेली. गॅलरीच्या गजांतून डोकं जाईल का ते बघितलं, फिनेल आणि उंदराचं औषध कुठे ठेवते ते विचारलं, दिवाणाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, तिची जागा हीच. मी म्हटलं, छान गादी शिवते ना. ती म्हणाली, शिवा, पण ती दिवाणाखालीच जाईल. आणि तसंच झालं. काही आठवडे ठेवून बघा, तुमचं तिचं जमलं तर पक्कं करू, असं ठरलं.

पहिले दिवस वाट लागली माझी. खाईना. भात-चिकन केलं, उकडलेलं अंडं दिलं, दही दिलं. दिवाणाखालून नुसती दाराकडे बघायची. जिन्यावर पाऊल वाजलं की कान उभे, आणि पाऊल पुढे निघून गेलं की खाली. कुणाची वाट बघते हे तिला विचारून कळणार होतं थोडंच? लाल चेंडू आणला होता, तो चेतनाचं बोलणं आठवून बदलला आणि निळा आणला. निळ्याकडेही तिने बघितलं नाही. म्हणजे दोष रंगाचा नव्हता. शेवटी मी तिच्यामागे लागायचं सोडलं. जमिनीवर बसून पाठ तिच्याकडे करून भाजी निवडायला लागले. ती सगळ्यांकडे पाठ करते ना, मग मीही केली. मेथी निवडता निवडता कमरेला काहीतरी गरम टेकलं. हलले नाही गं मी. पाय मुंग्यांनी भरून गेला तरी तशीच बसून राहिले.

नावाची तर वेगळीच मजा. तिथे तिला राणी म्हणायचे, पण या नावाला ती ढिम्म हलत नव्हती. आधीच्या घरात काहीतरी नाव असणारच, म्हणून मी शोधच लावला. चंपा, मोती, सोनी, जूली, टायगर, इमारतीतल्या सगळ्या बायकांची नावंसुद्धा घेतली. कानसुद्धा हलला नाही. मग एका सकाळी खालून मासेवाली ओरडली, “मांदेलीऽऽ!” आणि ही दिवाणाखालून बाण सुटावा तशी बाहेर आली, दाराशी उभी, शेपूट गरागरा. आता हे तिचं खरं नाव होतं, की आधीच्या घरी रोज मांदेली मिळायची, कुणास ठाऊक. मी दोन्ही केलं. नावही तेच ठेवलं आणि मांदेलीही आणली, काटे काढून, बिनमिठाची उकडून. त्या दिवशी ताटली चाटून साफ. मी आनंदाने कुणाला तरी सांगायला फोन हातात घेतला आणि कुणाला लावायचा ते सुचेना, म्हणून तिलाच सांगितलं.

खालची शेवंती आठवते ना, लाल टिकलीवाली, सगळ्यांच्या घरात डोकावणारी? ती म्हणाली, “बाई, या वयात हे लोढणं गळ्यात कशाला? मी आधीच घाबरते.” सोसायटीत तक्रारही गेली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश वर आले, बूट न काढता दारातूनच म्हणाले, “वहिनी, मनाई करता येत नाही हे मला माहीत आहे, पण जिन्यात घाण आणि भुंकणं नको.” तेवढ्यात मांदेलीने त्यांच्या बुटांचा असा काही अभ्यास सुरू केला, की ते पाचेक मिनिटं जागचे हलले नाहीत आणि शेवटी विचारतात काय, “हिला माझ्या बुटात काय सापडलं?” मी म्हटलं, मला कळलं की सांगते. आता शेवंती स्वतःच गॅलरीतून हाक मारते, “उतरली का मांदेली?” हात लावत नाही, पण आम्ही गेटच्या बाहेर पडेपर्यंत बघत राहते.

फिरायला नेणं म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, चालायचं. ही चालते कुठे? एकेका स्कूटरच्या चाकापाशी थांबते. “खंय चललंस गो, पुढे चल,” असं म्हणत मी मागे. पण तिच्यामुळे पंपाच्या खोलीमागे उंबराचं झाड आहे हे मला कळलं. लग्न होऊन आल्यापासून इथे राहते, आणि मी ते झाड पाहिलं नव्हतं.

सुयोगला फोनवर सांगितलं. मेलबर्नला असतो तो, हे तुला माहीतच असेल. पुन्हा लग्न केलं हेही कुणीतरी सांगितलं असेल. मुलगी चांगली आहे, माझ्याशी आदराने बोलते, तिला माझी भाषा नीट कळत नाही आणि मला तिची. सुयोग म्हणाला, “आई, एवढ्याशा जागेत कुत्रा? सोबत हवी तर बाई ठेव ना.” त्याचं चुकलं नाही. तो काळजीनेच म्हणाला. पण मला सोबत हवी आहे असं मी कुठे म्हटलं होतं? मला फक्त बघायचं होतं, की जी दाराकडे बघत बसते, ती कधीतरी माझ्याकडे बघेल का.

परवा तुला पाहिलं. घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर, पिवळी ओढणी, खांद्याला लॅबची ती जड बॅग. वजन कमी झालं आहे. हाक मारायला तोंड उघडलं, पण कोण म्हणून हाक मारायची? तुझं सामान न्यायला आली होतीस त्या दिवशी दारात तू सवयीने “येते, आई” म्हणालीस आणि मग आपण दोघी तशाच उभ्या राहिलो. मी “ये” म्हणाले, तेही सवयीने. त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही नाही. तुला वाटलं असेल मला अवघड होईल, मला वाटलं तुला. घटस्फोट तुमच्या दोघांचा झाला. माझा कुणाशी झाला, हे मात्र मला कुणीच सांगितलं नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर तू गॅलरीत बसून मला विचारायचीस, “आज दुकानात कोण आलं होतं?” आणि मी गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. तसं अजून कुणी विचारलेलं नाही.

आता का लिहिते आहे ते सांगते. रविवारी चेतना आली होती, मांदेलीचं पक्कं करायला. सगळं बघून खूश झाली. मांदेली माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडली होती. मग ती म्हणाली, “शेवटचं एकच, काकू. तुम्हाला काही झालं तर हिला कोण नेईल? आम्ही एका माणसाशी बोलून घेतो, नाहीतर पक्कं करत नाही. हिला दोनदा माणसांनी सोडलं आहे, तिसऱ्यांदा नको.” सुयोग परदेशात, शेवंती माझ्याहून मोठी. मी विचार करते आहे असं मला वाटत होतं, तेवढ्यात माझ्या तोंडून तुझं नाव गेलंसुद्धा. तुला न विचारता. तुझा नंबरही मला पाठ होता. ती तुला फोन करणार आहे, पण मी तिला म्हटलं, माझं पत्र पोचू दे, मग कर. मी स्वतः फोन केला असता, तर तुला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं असतं आणि तू भिडेखातर हो म्हणाली असतीस. तसं नको. तुझीही जागा लहान, नोकरी, तुझं आयुष्य. नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणाने नाही म्हण, माझ्या मनात काही राहणार नाही. मांदेलीला बघून ठरवायचं असेल तर कधीही ये, दार तेच आहे. आणि एक. चेतनाने मला विचारलं, “या रुचिरा तुमच्या कोण?” मी तिला म्हटलं, ते तू तिलाच विचार, ती जे सांगेल ते मलाही चालेल.

तुझीच,
सुलक्षणा