बसून चढलेल्या पायऱ्या

आई गं,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे. कारखान्यात आता मला कॉलर शिवायला देतात. खोली तळमजल्यावरच आहे, तेव्हा काळजी नको.

तू मागे लागली होतीस म्हणून रविवारी त्या मोठ्या देवळात जाऊन आले. पायाचं कॅलिपर बुटालाच जोडलेलं, त्यामुळे तेही बाहेर काढून ठेवावं लागलं. त्याच्या आधाराशिवाय उभं कसं राहणार? रखवालदार म्हणाला, "ताई, तुम्ही इथेच खाली टीव्हीच्या पडद्यावर दर्शन घ्या. देव काय, सगळीकडे असतो."

मी म्हटलं, "मग ही एवढी रांग कशाला लावलीत?"

आणि सरळ पायरीवर बसले. रांगेकडे तोंड करून, हातांवर जोर देत, एकेक पायरी मागे सरकत चढले.

"अहो, रांग अडतेय!" तो ओरडला.

"अडू दे. मी काही मध्ये घुसले नाही."

कुणी हसलं, पण मला ओलांडून कुणी गेलं नाही. तळवे जरा सोलवटलेत, इतकंच. मशीन चालवता येतं.

गाभाऱ्यासमोर पुजारी "चला, चला" करत होते. मी हलले नाही. डोळे भरून पाहिलं. तू मागायला सांगितलं होतंस, तरी पायासाठी मात्र काही मागितलं नाही. रागावू नकोस.

बाबांचे गुडघे कसे आहेत? देवळाच्या पायऱ्यांच्या धास्तीनेच ते इकडे यायचं टाळतात ना? त्यांना सांग, बसूनही चढता येतं. कुणी काही बोललं तर मी आहे.

तुझी हट्टी लेक