बसतंय म्हणणाऱ्यांची वाटणी

मी, डांबर संपून खडीचा रस्ता सुरू होतो तिथल्या सायकलच्या बुटांच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला माणसाला घटकाभर जवळ बसावे लागते आणि तेवढी सवड माझ्या दोन्ही मुलांना नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बुद्धी शाबूत आहे का ते पाहायला त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांचा डावा बूट एक नंबर लहान आहे हेही सांगितले. याआधीचे माझे एखादे मृत्युपत्र कोणी काढून दाखवले तर ते बनावट समजावे, कारण मी केलेलेच नाही.

कलम १. मिळकतीविषयी.

दुकान, दुकानावरचे राहते घर आणि बँकेतल्या ठेवी ही सर्व माझी स्वतःची कमाई आहे. वाडवडिलांकडून मला फक्त रुंद चवडा मिळाला. त्या चवड्यात मावेल असा बूट कुठे मिळेना म्हणून मी या धंद्यात पडले.

दुकानाच्या मधोमध एक उतरती फळी आहे, खडबडीत, पुरुषभर लांबीची. माझे सगळे दुकान म्हणजे ती फळी. गिऱ्हाईक सकाळी आले तर मी त्याला संध्याकाळी बोलावते, कारण पाय दिवसभरात फुगतो. ज्या मोज्यांत सायकल चालवणार तेच मोजे घालायला लावते. दोन्ही पाय उभ्याने मोजते आणि मोठ्या पायाचा नंबर देते. मग फळीवर चढवते आणि बुटात टाच उचलली जाते का ते पाहते. खाली उतरवते आणि अंगठा पुढे आपटतो का ते विचारते. खडीवर आणि डोंगरात माणूस नुसता सायकलवर बसत नाही. उतरून, सायकल खांद्यावर घेऊन दगडांतून चालतोही. म्हणून तळाला दात हवेत, पुढे थोडी लवचिकता हवी, आणि पेडलला अडकणारी क्लीट तळात खोल बसलेली हवी, दगडावर खटखटणारी नको.

हे सगळे सोडून लोक आरशात बघतात आणि म्हणतात, "बसतंय." बुटात पाय बसतो, तसा घसाही बसतो, धंदाही बसतो, आणि डोंगरात घसरला तर माणूस कायमचा बसतो. त्या शब्दावर माझा कधी विश्वास बसला नाही.

कलम २. घर.

दुकानावरचे राहते घर, भांड्याकुंड्यांसह, माझ्या थोरल्या मुलाला द्यावे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे पाळण्याबाहेर आले होते. पाय चव्वेचाळीसचा आणि हट्ट बेचाळीसचा, कारण कोणीतरी त्याला सांगितले की नामांकित शर्यतवाल्यांचे पाय लहान असतात. अंगठ्यांची नखे काळी पडून गळून गेली, पण नंबर बदलला नाही. ज्याला स्वतःच्या पायाशी खरे बोलता येत नाही, तो दुसऱ्या कोणाशी काय बोलणार? घराच्या जिन्याची तिसरी पायरी हलते. त्याला सांगू नये. त्याला सगळे आधीच माहीत असते.

कलम ३. दुकान.

दुकान, मालासह आणि पाटीसह, माझ्या धाकट्या मुलाला द्यावे. बँकेतल्या ठेवी दोघांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात.

धाकटा अंथरुणात लोळत मोबाइलवरून बूट विकतो. गिऱ्हाइकाचा पाय त्याने आजवर पाहिलेला नाही. मी एकदा म्हटले, "अरे, माप तरी माग."

"आई, लोकांना आपला नंबर माहीत असतो गं."

"लोकांना आपलं तोंडसुद्धा आरशात उलटंच माहीत असतं."

"तू ना, फार ताणतेस."

परत आलेल्या बुटांच्या खोक्यांनी मागची खोली छतापर्यंत भरली आहे. त्याला तो स्टॉक म्हणतो. याला स्वतःचे मत नाही. दादा जे करील ते हा करतो. शाळेत दादाचे गणित उतरवायचा, दादाच्या चुकीसकट, आणि चूक खोडताना दादाने जिथे कागद फाडला तिथे हाही फाडायचा.

कलम ४. एक पांढरा बूटजोड.

हा जोड माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मुलांच्या बाबांच्या वाढदिवसाला थोरल्याने आणला. न मोजता, न विचारता. चकचकीत, तळ काचेसारखा गुळगुळीत आणि लाकडासारखा ताठ. डांबरावर शर्यती करणाऱ्यांसाठी तो उत्तम बूट आहे. आमचे घर मात्र डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि बाबा आयुष्यभर खडीवर सायकल चालवत होते.

तेव्हा घरात थोरल्याची बायको होती. ती खाली वाकून म्हणाली, "बाबा, टाच उचलली जातेय. आणि याला पकडच नाही. हे डोंगरातले बूट नाहीत."

"तुला काय कळतं त्यातलं?" थोरला म्हणाला. "बाबा, बसतायत ना?"

"बसतायत रे, छान बसतायत." हे म्हणताना त्यांनी बुटांकडे पाहिले नाही. मुलाच्या तोंडाकडे पाहिले.

मी म्हटले, "फळीवर चाला बघू."

"आई, बाबा काय गिऱ्हाईक आहेत? आजच्या दिवस तरी दुकान बंद ठेव ना!" असे म्हणून थोरल्याने भेटीचे रिकामे खोके फळीवर ठेवले.

बाबा दुसऱ्या दिवशी डोंगरात गेले. चढावर सायकल थांबली, ते उतरून ढकलू लागले आणि पहिल्याच ओल्या दगडावर पाय सरकला. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत, ते गेलेच. त्यांना पोचवून आल्यावर थोरला माणसांत बसून म्हणाला, "बूट तर त्यांना छान बसले होते हो." त्या दिवसापासून मी त्याच्याशी गोड बोलते. त्याला वाटते आई निवळली.

हा जोड थोरल्याचा. पण मी तो या कागदातून देत नाही. सह्या झाल्या की त्याच्या हातात देणार आहे, म्हणजे कुठल्या कायद्याने तो त्याच्याकडून जायला नको.

कलम ५. किरकोळ.

समोरच्या दुकानदाराला माझ्याकडचा डुगडुगता स्टूल द्यावा. "घट्ट घ्या, वापरून सैल होतात" असे सांगून तो लोकांना एक नंबर लहान बूट विकतो. त्याने त्या स्टुलावर बसून स्वतःचा बूट घालावा आणि पडावे.

नणंदेला टाच आत सरकवायची माझी पितळी पट्टी द्यावी. दुसऱ्याच्या संसारात शिरायला तिला ती लागतेच.

मला शेवटचे नेताना पायात माझेच जुने, दातांचे बूट घालावेत. नवे आणायला जाऊ नये. माझा नंबर दोन्ही मुलांना माहीत नाही.

कलम ६. उरलेसुरले.

वरील कलमांतून जे काही उरेल, सुटेल, नाकारले जाईल किंवा रद्द होईल ते सर्व माझ्या माजी सुनेला द्यावे.

हे वाचून कोणी गहिवरू नये. ती मला आवडत नाही. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी तिला बूट दिले. घालून फळीवर चालली आणि म्हणाली, "आई, काचतंय. करंगळीपाशी."

आमच्या घरात हा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. सगळे तिच्याकडे बघत राहिले. दुसरा जोड दिला. "अजून काचतंय." तिसरा दिला. चौथ्याला ती फळीवरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि म्हणाली, "हा माझा." मग खाली बसून मलाच विचारले, "आई, तुमचा नंबर काय?" मी सांगितला आणि लगेच तिचा राग आला. एवढी वर्षे घरातल्यांनी विचारले नाही ते उपटसुंभ परकीने विचारावे?

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. थोरला तिथेच होता.

"आई, हे लग्न मला काचतंय. मी निघाले."

थोरला हसला. "अगं, थोडं वापर. सैल होतं."

"बूट होतो," ती म्हणाली. "तू नाही झालास."

मी तिला नको नको ते बोलले आणि त्यातला एकही शब्द आज मागे घेत नाही. तिने घरातून काही नेले नाही, तो चौथा जोड सोडून. पलीकडच्या गावात ती आता लहान मुलांना सायकल शिकवते. सुटीच्या दिवशी माझ्या दुकानावरून वर डोंगरात जाते आणि आत बघत नाही.

कलम ७. साक्षीदार.

हे कलम मी मुद्दाम शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर घातले आहे.

वकीलबाई मला म्हणाल्या, "साक्षीला दोन माणसं लागतील. मुलं मात्र नकोत हां. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं."

"आणि मग ते जातं कुठं?"

"उरलेसुरले ज्याच्या नावावर आहे, त्याच्याकडे."

"मग साक्षीला मुलंच बसवा."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, पोटची मुलं आहेत."

"म्हणून तर. परक्यांची परीक्षा कशाला घेऊ?"

"तुम्ही फार दुष्ट आहात."

"मी मोजते, बाई. पाय असतो तेवढाच भरतो."

यात फसवणूक नाही. दोघांना अख्खा कागद देणार आहे, पहिल्या पानापासून. चहा देणार आहे. चांगला दिवा लावणार आहे. तोंडाने स्पष्ट सांगणार आहे, "बाळांनो, सगळं वाचा, मग सही करा. घाई नाही." जो इथपर्यंत वाचील तो पेन खाली ठेवील, आणि त्याला लिहिलेले सगळे त्याचे राहील. त्याच्या जागी सही करायला शेजारचा कुलूपवाला आणि शिंपीणबाई बाहेर बाकावर बसलेले असतील. त्या दोघांना माझ्याकडून काही मिळायचे नाही. जो न वाचता सही करील त्याचे गेले; कायद्यात पळवाट निघाली तरी ही माझी स्वतःची अट समजावी. एकाने सही केली म्हणून दुसऱ्याचे जाणार नाही. फळीवर चढायचे आणि उतरायचे, एवढेच मी मागते आहे. गिऱ्हाइकाकडूनही मी याहून कमी कधी मागितले नाही.

थोरला वाचणार नाही. मला त्याचे वाईटही वाटणार नाही. नाही, हे खोटे लिहिले. वाटेल, आणि ते मी चेहऱ्यावर दिसू देणार नाही.

धाकटा वाचेल असे मला वाटते. लहान असताना तो बुटांच्या खोक्यांवरची अक्षरे बोट लावून वाचायचा आणि मी हातातले काम सोडून ऐकायची. पुढे त्याला दादाची सावली होणे सोपे पडले, पण वाचायला येत होते त्याला. बाळ, तू इथपर्यंत आला असशील तर मान वर कर. मी समोरच बसले आहे. "आई, हे काय लिहिलंयस?" एवढेच विचार. दुकान तुझे, फळी तुझी. तुझ्याबद्दल वर जे जे लिहिले आहे ते मी तुझ्यासमोर फाडून पुन्हा लिहीन.

कलम ८. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मुले कोर्टात जायचे म्हणतील तर त्यांना अडवू नये, फक्त चांगले बूट घालून जा म्हणावे. तिथे बरेच चालावे लागते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वकीलबाईंना वाचून दाखवला, पुन्हा एकदा वाचला, आणि तो मला कुठेही काचत नाही.

स्थळ : दुकान, उतरत्या फळीशेजारचा बाक
दिनांक : चौदा नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

मृत्युपत्र करणारी : (सही)

वकिलांची नोंद : मृत्युपत्राची सर्व पाने दोन्ही साक्षीदारांच्या हाती दिली. बाईंनी माझ्यासमोर दोनदा वाचायला सांगितले. साक्षीदारांनी थेट शेवटचे पान काढून घेतले.

साक्षीदार पहिला, थोरला मुलगा : वरील संपूर्ण मजकूर वाचला. सगळे व्यवस्थित बसते आहे. (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा मुलगा : वरीलप्रमाणे. (सही)