बाईंच्या बदलीचं गाऱ्हाणं

तीर्थरूप मामांना अनुजाचा वाकून नमस्कार. साखर उतरली का? मामीने लाडवांचा डबा माळ्यावर ठेवलाय असं कळलं, म्हणजे तुमचं शिडीवर चढणं सुरू झालं असणार. जपून. फोनच केला असता, पण इथे रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर मिळते आणि ओट्याला लागून माझा वर्ग बसतो. त्यामुळे माझ्या बदलीसाठी तुम्ही वैभववाडीत कुणाकुणाला गळ घालताय, हे अख्ख्या वाडीला पाठ झालंय (मासेवालीसुद्धा बांगडे देताना विचारते, 'बाई, कधी जातलात?').

तर पोरांना गोष्ट लिहायला शिकवत होते. सुरुवात, मग अडचण, मग अडचणीतून सुटका, असं फळ्यावर लिहून दिलं. पोरांचं एकच, अडचण आली की नारळ! होडीचं इंजिन बंद पडलं, देवाला नारळ ठेवला, सुरू झालं. ससा झोपला, नारळ ठेवला, ससाही पहिला आणि कासवही पहिलं. एल्रॉयने सिंह-उंदराच्या गोष्टीत नारळाऐवजी उंदराकडून चर्चमध्ये मेणबत्ती लावून घेतली, एवढाच काय तो फरक. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खबरदार! यापुढे नारळ नाही, मेणबत्ती नाही.

आता आमची संचिता. तिसरीतली, एवढीशी. बोलायला वाघीण, पण वाचायला उभी केली की अक्षरं जुळवता जुळवता अडकते, कुणीतरी फिदकन हसतं आणि ही रडत खाली बसते. वर्षभर डोकं आपटलं (माझंच). तीच पोर गेल्या आठवड्यात आपण होऊन कागद घेऊन उभी राहिली. 'बा देवा म्हाराजा...' अगंबाई, गाऱ्हाणं! (नियम मात्र पाळला होता, नारळ कुठेच नाही.) देवापुढे एकाने मागायचं, बाकीच्यांनी ओरडून दुजोरा द्यायचा, हे तुम्हाला काय सांगायचं! मी दटावणार, तेवढ्यात पोरं ओरडली, 'व्हय म्हाराजा!' आणि तेवढ्या वेळात तिने पुढची ओळ मनात जुळवून घेतली. दर ओळीला तसंच. हसायला कुणाला फुरसतच नाही! 'आमच्या बाई चलल्यात.' व्हय म्हाराजा! 'त्यांचो मामा खटपट करता.' व्हय म्हाराजा! 'त्या मामाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!' याला तर असा आवाज झाला की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. मामा, कागद संपेपर्यंत वाचलं हो तिने! मी फळ्याकडे तोंड करून रडून घेतलं. मग घंटा झाली आणि सगळी पोरं खिचडी खायला पळाली.

आईला इतक्यात काही बोलू नका.

तुमची,
अनुजा

ता. क. बदलीचा अर्ज मागे घ्यायचाय. ज्यांच्या ज्यांच्या पाया पडलात, त्यांच्या पुन्हा एकदा पडा. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण एवढं करा.

आणखी एक. संचिताने गोष्टीचा शेवट मोकळा ठेवला होता. रोज सकाळी दारातच विचारायची, 'बाई, मामान काय सांगल्यान?' आज माझ्या तोंडून निघून गेलं, मामा हो म्हणाले. तिने तिथेच बसून, माझंच पेन मागून घेऊन शेवट लिहून टाकला. आता तो खोडायला मला सांगू नका.