बुरुजातली पाण्याची वाट

पौड,
१६ ऑक्टोबर १९७९

प्रिय इलाही,

तुला सलाम, बद्रुन्निसा वहिनींना नमस्कार. बीबीजान मावशींचा गुडघा आता कसा आहे? इकडे भात पिवळं पडायला लागलंय. माले गावापर्यंत एसटी पुन्हा सुरू झाली. तू मारुंजीला मेहुण्याकडे गेलास, हे तुझ्या हाताखालच्या भिकूकडून कळलं. तिथे गवंडीकाम मिळालं की नाही, ते त्याला सांगता येईना.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींची भाषणं झाली होती, म्हणून फाडली.

परवा गडावर गेलो होतो. दरवाजा शाबूत आहे. दोन बुरुजांच्या कवेत दडलेला, शेवटच्या वळणापर्यंत शत्रूला न दिसणारा. शाळेत असताना त्याच्या उंबऱ्यावर बसून आपण भाकरी खायचो. मी इतिहास सांगायचो, तू दगडांचे सांधे बघायचास. नुसत्या घडीव दगडांवर, चुन्याशिवाय चारशे वर्षं उभा असलेला डावा बुरूज मात्र आता उतारावर पसरलाय. त्याच्याकडे बघवत नाही आणि तिथून निघवतही नाही.

उन्हाळ्यात दोन्ही बुरुजांच्या डागडुजीचं काम तुझ्याकडे होतं. श्रावणात हा कोसळला, तेव्हा आठवड्याच्या आत मी पौडच्या चौकात सभा घेतली. तू पुढेच बसला होतास. "ज्यांच्या हाती विश्वासाने गड दिला, त्यांना तो कधी आपला वाटलाच नाही," असं मी म्हणालो. तुझं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. 'त्यांना' म्हणून मी क्षणभर थांबलो आणि सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. कुठे थांबायचं, हे पंचवीस वर्षं भाषणं करून मला पक्कं कळलंय. तू उठलास, चपला हातात घेतल्यास आणि निघून गेलास. त्यानंतर तालुक्यात तुला कुणी साधी चूल बांधायलाही बोलावलं नाही.

परवा वर तानुबाई गवत कापत होती. कोसळलेल्या बुरुजाखाली सापडून तिची गाभण शेळी मेली होती. मी हळहळ व्यक्त करायला लागलो, तर तिने विळा खाली ठेवला.

"मास्तर, लई वर्सं बगतिया मी. पावसात त्या बुरजाच्या भोकांतनं पानी धो धो पडायचं. औंदा थेंब न्हाई. भित्ताड गाभणीवानी फुगलं, मंग फुटलं. भोकं कुनी बुजवली?"

तिने विळा पुन्हा उचलला.

"भाषान तुमचं आन् शिव्या गवंड्याला, व्हय?"

इलाही, मी गडांवरची मिळतील ती पुस्तकं वाचली. पण बुरुजाच्या तोंडावरची मुठीएवढी भोकं कशासाठी असतात, ते तू मे महिन्यात सांगितलंस. आतल्या भरावात मुरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं, ती वाट बंद करू नकोस, असं बजावलंस. मावशींना घेऊन तू दोन दिवस पुण्याला दवाखान्यात गेलास. तेवढ्यात मी भिकूकडून सगळी भोकं सिमेंटने भरून घेतली. डागडुजी बघायला पाहुणे येणार होते; त्यांना बुरूज फुटका दिसेल, असं मला वाटलं. परत आल्यावर तू एवढंच म्हणालास, "हैबत, फोड ते." पाहुणे गेले की फोडू, असं मी म्हणालो.

फोडलं नाही. आणि सभेत ते सांगितलं नाही.

उजव्या बुरुजाचीही भोकं बंद आहेत. काल पहार घेऊन एकट्याने फोडायला गेलो. तीन मोकळी झाली. चौथ्याला बाजूचा दगडच हलला, तशी पहार खाली ठेवली. इथे कुठे थांबायचं, ते मला कळत नाही. तुला कळतं.

पण त्यासाठी ये, असं म्हणायचा हक्क मी गमावलाय. येत्या रविवारी त्याच चौकात, त्याच वेळी सभा ठेवली आहे. तू आलास तरी, नाही आलास तरी, या खेपेस नाव घेऊन बोलणार आहे. माझं.

भोकं बुजवणारा,
हैबत