चौथी शेड

लोटे,
१२ एप्रिल १९८७

ती. आप्पांना सहदेवचा जयभीम.

मी बरा आहे. खानावळीत आता मासळी मिळते, आईला सांगा. तिचा खोकला कमी आहे का?

तुम्ही कामाचं विचारलंत. कारखान्यातली काही रसायनं एकमेकांजवळ आली तर पेट घेतात. अशी दोन एका शेडमध्ये न येता सगळी तीन शेडमध्ये बसतील का, ते मला कॉम्प्युटरवर काढायचं होतं. पहिल्या शेडसाठी होतील तेवढे सगळे गट एकेक करून घ्यायचे आणि उरलेली रसायनं दोन शेडमध्ये बसतात का ते तपासायचं. एक रसायन वाढलं की काम दुप्पट होतं. अंदाजाने लवकर झालं असतं, पण इथे अंदाज चालत नाही. शेवटी उत्तर आलं. तिनात बसत नाहीत, चौथी शेड हवीच.

साहेब म्हणाले, "एका जोडीचाच प्रश्न आहे ना? लांब लांब ठेवू."

मी म्हटलं, "साहेब, लांब ठेवली तरी त्या दोघांची शेड एकच."

तीन शेडच्या मांडणीवर मी सही केली नाही. त्यांनी स्वतः केली, आणि परवा रसायनांची पिंपं तशीच हलवली.

नोकरीला धक्का नाही, घाबरू नका. मुंबईच्या ऑफिसला मी लिहिलंय, अजून उत्तर नाही. माझी खोली शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे. कसला वास आला की जेवता जेवता उठून बाहेर येतो.

मैना आमच्या पोरांना घेऊन सुट्टीत इकडे यायचं म्हणत होती. तिला सांगा, खोली लहान आहे, उकडतं फार. रुसली तरी पाठवू नका. आणि हे पत्र तिच्या हाती देऊ नका.

तुमचा,
सहदेव