भिंतीत ओल होती

नाहूर,
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघमित्रा,

जय भीम. इकडे सगळे ठीक. तुझ्या लतावहिनीचा गुडघा आता बरा आहे, विकीला बारावीचे क्लास लागलेत. तुझ्या वकीलसाहेबांकडचं काम कसं चाललंय? फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि मी विषय बदलतो, म्हणून लिहायला बसलो.

मुलुंडचं काम गेलं. सात मजली बिल्डिंग, वर्षभराची रोजी होती. त्याच सोसायटीतल्या माधुरी मॅडमचा हॉल मी आधी रंगवला होता. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत ओल होती. त्यांना हात लावून दाखवली. म्हटलं, "मॅडम, आधी गळती काढा, मग रंग." तर म्हणाल्या, "मुलाचा साखरपुडा आहे हो, आत्ता तोडफोड नको. तुम्ही मारा, आमची तक्रार नाही."

मारला. तीन महिन्यांत पोपडे सुटले.

सोसायटीच्या ऑफिसात पंधरा माणसांसमोर मॅडम म्हणतात, "ओलीचं मला कुणी बोललंच नव्हतं!" सेक्रेटरींनी मला विचारलं, "लेखी काय आहे तुमच्याकडे?" काय दाखवणार? मोबाइलवर "ओके, सुरू करा" एवढा एक मेसेज. वीस वर्षं या धंद्यात घालवली गं, आणि सहीचा एक कागद जवळ नाही. डोकं नुसतं फिरलंय.

तू कागद करून दिला होतास. काम कुठवर, कशाची जबाबदारी कुणाची, खाली दोघांच्या सह्या. मी तो गिऱ्हाइकासमोर फाडला, वर हसून म्हणालो, "बहिणीला वकिलीची हौस आहे." तू तिथेच उभी होतीस. दोन वर्षं झाली, बोरिवलीहून तू आमच्या घरी आली नाहीस.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच.

त्या ऑफिसात माझ्या शेजारी कुंडलिक उभा होता. चौदा वर्षं माझ्याबरोबर काम करतोय, माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी बोलून गेलो, "कारागिराने भिंत नीट घासली नाही." कुंडलिकने ब्रशांची पिशवी उचलली आणि निघून गेला. मोठं काम वाचेल म्हणून बोललो. तेही वाचलं नाही.

परवा साकीनाक्याला त्याच्या खोलीवर गेलो. दारातच म्हणाला, "धोंडूभाऊ, मला एकट्याला चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. पंधरा लोकांत खोटं का बोललात?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "मला नको. तिथे जाऊन सांगा."

काल गेलो. सेक्रेटरींना लिहून दिलं, की भिंतीत ओल होती, कुंडलिकचं काम चोख होतं, ओल्या भिंतीवर रंग चढवायचा निर्णय माझा. त्यांनी वाचलं आणि तोंडावर सांगितलं, आता तर तुम्हाला काम मिळणारच नाही. एक प्रत कुंडलिकला नेऊन दिली. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. कामावर येतो असं काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

तो कागद मला पुन्हा करून दे. एक ओळ वाढव: मालक कितीही मागे लागला तरी ओल्या भिंतीला रंग लावणार नाही. ही ओळ मालकासाठी नाही, माझ्यासाठी आहे. आणि पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, लता तुझी फार आठवण काढते.

लता नाही गं, मी काढतो.

माझं चुकलं.

तुझा दादा,
धोंडिराम