दही-साखर नको

बनशंकरी, बंगळूर
४ ऑगस्ट

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद.

पोरी, फोन करू नकोस. मी मोठ्यानं बोलतो आणि तुझी काकू सगळं ऐकते. ती माझ्यावर रुसली आहे. दोन घास खाऊन ताट सरकवते, म्हणते सकाळचा भात अजून तिथंच बसलाय. तिच्या भावाच्या वास्तुशांतीला मी गेलो नाही, त्याचाच हा राग. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, एक उपाशी तर दुसऱ्यानं पोटभर जेवायचं नाही. मीही अर्धपोटी उठतो. शेजारची कावेरीअक्का म्हणते, अण्णा, स्वल्प समजूत काढा. कशी काढू?

त्यात तिला साखरेसाठी नवं इंजेक्शन चालू झालंय, आठवड्यातून एकदा. तेरा तारखेला पित्ताशयाचं ऑपरेशन. उपाशी या म्हणालेत. पण रुसलेल्या माणसाला तसंच कसं न्यायचं? निघताना तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवीन म्हणतो. तेवढ्यानं काय होतं? तू पोटाचंच शिकतेस, लवकर कळव.

तुझा काका,
हंबीरराव

धारवाड
७ ऑगस्ट

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि घाबरलेही. पोट म्हणजे स्नायूंची पिशवी. ती आवळते, सैल पडते आणि अन्न पुढं ढकलते. कधी आवळायचं, कधी सैल पडायचं, याचे निरोप आतडी पाठवतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. एक म्हणतं चल, दुसरं म्हणतं थांब. काकूंचं इंजेक्शन त्या थांब म्हणणाऱ्याची नक्कल आहे. म्हणून रात्रीचं अन्न सकाळीही पोटात राहू शकतं. भूल दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशनच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगितलंय का? आजच सांगा. दही-साखर अजिबात नको!

पत्र मिळताच मिस्ड कॉल द्या. काकूंना नमस्कार, आणि तुम्ही नीट जेवा.

आपली,
प्रणिता

बनशंकरी
१४ ऑगस्ट

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद.

मिस्ड कॉल दिला आणि लगेच रिक्षानं हॉस्पिटल गाठलं. ते साखरेचं, हे पित्ताचं, असं धरून आम्ही इंजेक्शनचं बोललोच नव्हतो. काल सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी काकूच्या पोटावर मशीन फिरवून पाहिलं. उपाशी असूनही आत अन्न होतं! ऑपरेशन पुढं ढकललं. इंजेक्शनचं काय ते साखरेचे आणि ऑपरेशनचे डॉक्टर मिळून ठरवतील.

घरी आल्यावर मी काकूला म्हणालो, म्हणजे तू रुसली नव्हतीस. तर म्हणते, रुसलेच होते, पण राग अन्नावर कशाला काढीन? सरी, बरं बाई, म्हटलं. रविवारी तिच्या भावाकडे जातोय.

रात्री तिनं दोन पळ्या पेज घेतली, आणि रीत मोडून मला समोर बसवून पोटभर वाढलं. पण पोरी, घास खाली उतरेना. तो कुठल्या निरोपानं अडला, तेवढं कळव.

लोभ आहे, तो शिळा होऊ देऊ नकोस.

तुझा काका,
हंबीरराव